नवा क्लच कुठे बसतो?

गिअरबॉक्स उतरवून नवा क्लच घातला की मेकॅनिक किल्ली हातात देताना हमखास म्हणतो, ‘पहिले काही दिवस जरा जपून चालवा.’ जपून म्हणजे कसं, हे तो सांगत नाही आणि बिल भरायच्या घाईत आपणही विचारत नाही. कंपनीच्या साध्या क्लचला एवढ्यावर निभावतं. पण इंजिनाची ताकद वाढवून, ती पेलेल असा कडक प्रेशर प्लेटचा परफॉर्मन्स क्लच घातला असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत त्याला कसं वागवलं यावर तो चार वर्षं टिकणार की चार महिन्यांत थरथरायला लागणार, हे ठरतं.

लोहगडवाडीत यावरून मामा-भाच्यांची जुंपली. मामांनी उमेदीची वर्षं मळवली स्टेशन, भाजे आणि वर वाडी अशी कमांडर जीप वडापला चालवली. आता घरापुढच्या पडवीत गडावर येणाऱ्यांना जेवण देतात. भाचा चिंचवडचा, चाकणच्या कारखान्यात नोकरीला. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, तिची सेटिंग बदलून टॉर्क वाढवलेला. ऐन पावसाळ्यातला शुक्रवार, दुपार टळलेली. क्लच नवाकोरा, आणि तो घालून भाचा भाज्याचा घाट चढून आलेला.

मामा : आधीच्या क्लचला काय धाड भरली होती?

भाचा : स्लिप व्हायला लागला होता. खंडाळ्याच्या चढाला पाचव्या गिअरला पूर्ण रेस दिली की आरपीएमचा काटा उडायचा आणि गाडी तिथल्या तिथं. इंजिन ओढतंय, चाकांपर्यंत पोचतच नाही.

मामा : मग चौथा टाकायचा. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घेतलास?

भाचा : चौथा टाकून रोग जातो का मामा? क्लच किती टॉर्क पेलणार हे तीन-चार गोष्टींवर असतं. प्रेशर प्लेट प्लेटेला किती दाबते, लायनिंग किती धरतं, प्लेट केवढी आहे आणि घासणाऱ्या बाजू किती. कंपनीनं हिशेब केला तो कंपनीच्या टॉर्कचा. मी टॉर्क वाढवला, म्हणजे यातलं काहीतरी वाढवायलाच हवं. मी दाब वाढवला.

मामा : म्हणून पॅडल एवढं कडक. मघाशी गाडी बाजूला घेताना माझा गुडघा बोलला. आणि लायनिंग कसलं घेतलंस? ते तांब्याच्या बटणांचं तर नाही ना?

भाचा : नाही, ऑरगॅनिकच. पूर्ण गोल.

मामा : मग ठीक.

‘मग ठीक’ एवढ्यावर मामांनी विषय सोडला, पण त्यात त्यांची सगळी वडापची वर्षं बोलत होती. तसल्या सिरॅमिक बटणांच्या प्लेटा शर्यतीच्या गाड्यांना चांगल्या. त्या भयंकर उष्णता सोसतात आणि घट्ट धरतात, पण त्यांना मधली अवस्था फारशी नसते. धरलं किंवा सोडलं. भाज्याच्या वळणावर पुढची गाडी वीतभर सरकली म्हणून आपली वीतभर सरकवायची, हे असल्या क्लचवर करून बघा. गाडी दचकून पुढच्याच्या डिकीत जाईल नाहीतर बंद पडेल. ऑरगॅनिक लायनिंग म्हणजे तंतू, भुकट्या आणि फिनॉलिक राळ यांचा दाबून भाजलेला पट्टा. तो मऊ सुटतो, थोडं घसरणं सोसतो, पण उष्णतेला लवकर हार जातो. केव्हलरचं लायनिंग या दोहोंच्या मधलं: टिकाऊ, मऊही, पण बसायला जास्त वेळ घेणारं आणि त्या काळात तापलं तर रुसणारं. घाटात राहणाऱ्यानं किंवा घाटात नातेवाईक असणाऱ्यानं ताकद वाढवायची तर ती दाबातून वाढवावी, बटणांतून नाही, असं माझंही मत आहे. गुडघा दुखला तरी.

मामा : आता हे आठशे किलोमीटरचं काय मघाशी सांगत होतास?

भाचा : बनवणारे तसंच सांगतात. ऑरगॅनिक प्लेट असेल तर पाचशे मैल, म्हणजे आठशे किलोमीटर गाडी शांतपणे चालवायची. दाबून रेस नाही, क्लच झटक्यात सोडून सुटणं नाही, मागं काही ओढणं नाही. म्हणून ठरवलंय, उद्या पहाटे इथूनच कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, मुक्काम, रविवारी परत. राहिलेलं सोमवारी नाशिकला. तीन दिवसांत आठशे पुरे.

मामा : खंबाटकी सोडली तर कोल्हापूरपर्यंत क्लच किती वेळा दाबशील?

भाचा : टोलनाक्याला. चहाला थांबू तेव्हा.

मामा : म्हणजे पंचवीस-तीस वेळा. पाचव्या गिअरला गाडी शंभरनं चाललीय तेव्हा प्लेट काय करते?

भाचा : काही नाही. फ्लायव्हील, प्लेट, प्रेशर प्लेट, तिन्ही एक होऊन फिरतात.

मामा : घासत नाहीत?

भाचा : …नाही.

मामा : मग बसणार कशी? पाण्यात न उतरता पोहायला शिकलास तू.

इथे भाचा निरुत्तर झाला, आणि व्हायलाच हवा होता. आठशेचा आकडा खोटा नाही, पण त्यात गृहीत धरलेले किलोमीटर शहरातले असतात. सिग्नल, भाजीमंडई, शाळा सुटायची वेळ. नवी प्लेट आणि नुकतंच लेथवर फेस मारलेलं फ्लायव्हील दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण सुरुवातीला टेकतात ती फक्त उंचवट्यांवर. तेवढ्याच जागेवर सगळा भार, तेवढ्याच जागेवर सगळी उष्णता. म्हणूनच नवा क्लच पहिल्या दिवशी आपल्या पूर्ण क्षमतेचा नसतो. गाडी प्रत्येक वेळी सुटताना दीड-दोन सेकंद घासणं होतं, उंचवटे थोडे झिजतात, लायनिंगचा अगदी पातळ थर लोखंडावर चढतो आणि टेकणारी जागा वाढत जाते. हे होतं ते फक्त त्या दीड-दोन सेकंदांत. बाकी प्रवासभर क्लच झोपलेला असतो. शहरात किलोमीटरला दोन-तीन वेळा क्लच लागतो असं धरलं तर आठशे किलोमीटरांत तो सुमारे दोन हजार वेळा लागेल. कोल्हापूरला जाऊन येऊन शंभरही नाही. चांगल्या बनवणाऱ्यांच्या कागदावर ‘हायवेचे किलोमीटर धरू नयेत’ असं लिहिलेलंही असतं, पण तो कागद खोक्यात राहतो आणि खोकं गॅरेजमध्ये.

पण मामांनी लगेच हातचं सोडलं.

मामा : त्यापेक्षा सोपं सांगतो. उद्या शनिवार. खाली मळवलीला लोकलनं पोरं उतरतील, त्यातली चार घे, वर सोड. परत जा, चार घे. संध्याकाळपर्यंत दहा खेपा. प्लेट बसली म्हणून समज. आम्ही हेच केलं. रात्री कामशेतला प्लेट घातली, सकाळी दहा माणसं भरून घाट. घाटच बसवतो प्लेट.

भाचा : आता तुम्ही ऐका. उद्या शनिवार, पावसाळा. गायमुख खिंडीपर्यंत गाड्यांची रांग लागणार का नाही?

मामा : लागणार. २०२३च्या जुलैत तर गडाच्या पायऱ्यांवर माणसांचाच जाम झाला होता, तासन् तास कुणी हलेना. आता गेल्या वर्षी, २०२५ला, युनेस्कोच्या यादीत नाव गेलं, म्हणजे बघायलाच नको.

भाचा : मग त्या रांगेत, चढावर, मी चार माणसं घेऊन उभा. पुढची गाडी इंचाइंचानं हलतेय. लोक काय करतात? ब्रेक सोडतात आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. त्याचा हिशेब सांगू?

मामा : सांग की. इंजिनिअर झालास तो कशाला?

भाचा : माणसांसकट गाडी चौदाशे किलो धरा. पहिल्या गिअरला पंधराशे आरपीएमला ती ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास चालते. सपाटीवर शून्यापासून तिथवर नेताना क्लचमध्ये सात किलोजूल उष्णता होते. दोन सेकंदांचं काम, प्लेट ती सहज पचवते. आता आठास एक असा चढ घ्या आणि गाडी जागच्या जागी हाफ क्लचवर धरा. इंजिन फिरतंय, चाक थांबलंय, सगळा फरक प्लेट घासून भरून काढतेय. पाच किलोवॅटच्या वर जातं ते. बाथरूममधले अडीच गीझर एका थाळीएवढ्या चकतीवर लावल्यासारखं. दहा सेकंद तसं धरलं की सपाटीवरच्या सात-आठ सुटण्यांची उष्णता एका दमात. आणि ती जिरणार कुठं? बसलेल्या प्लेटेची सगळी जागा ती वाटून घेते. माझ्या प्लेटेचे फक्त उंचवटे टेकलेत.

मामा : म्हणजे जळणार.

भाचा : जळली तर निदान कळेल. त्याआधीचं वाईट. तीनशे अंशांच्या आसपास राळ सुटायला लागते, वर येते आणि लायनिंगवर काचेसारखी चकाकी धरते. फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, तिथलं लोखंड कडक होतं. मग गाडी सुटताना थरथरते, ती कायमची. आठशे काय, आठ हजार किलोमीटर चालवा, तो थर जात नाही. परत गिअरबॉक्स खाली.

आठास एक हा चढ भाच्यानं हिशेबापुरता धरला होता, भाज्याच्या रस्त्याची मोजणी त्यानं केली नव्हती. पण कल्पना यावी म्हणून सांगतो: शेजारच्याच बोरघाटात रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडतात. लोखंडी चाकांची आणि टायरची तुलना नको, पण मोटारीला आपण चढाच्या बाबतीत किती गृहीत धरतो ते दिसतं.

मामा मात्र गप्प बसणारे नव्हते.

मामा : बरं. मग आज तू वर आलास कसा? उडत?

भाचा : रस्ता मोकळा होता. भाज्यापासून पहिला-दुसरा, कुठंही न थांबता. गिअर पडला की पाय वर.

मामा : मग घाट चढून काही बिघडलं नाही म्हण की!

भाचा : घाटाचं काही नाही हो. चालती गाडी घाटात काय आणि हायवेला काय, क्लच मिटलेला असतो. चढावर थांबून परत सुटणं वाईट. नुसतं सुटायलाही सपाटीच्या जवळपास दुप्पट उष्णता लागते, आणि ताटकळत धरलं तर मोजूच नका.

मामा : अरे, मग आम्ही तेच तर करत नव्हतो! चढावर हाफ क्लचवर जीप धरली असती तर मालकानं हाकलला असता. भाज्याच्या वर पहिल्या वळणाला वरून एसटी किंवा ट्रॅक्टर येताना दिसला की खाली सपाटीलाच थांबायचं. वळण मोकळं झालं की एका दमात चढायचं. पुढच्याच्या शेपटीला चिकटायचं नाही. मध्येच अडकलो तर क्लीनर उडी मारून चाकामागं दगड लावायचा, मी न्यूट्रल करून दोन्ही पाय मोकळे. सुटताना हँडब्रेकवर सुटायचं, गाडीनं पुढं ओढ घेतली की मग ब्रेक खाली. दगड पोरगा उचलून आणायचा आणि पळत्या गाडीत चढायचा. तोच दगड वर्षभर पायाखाली असायचा.

भाचा : हे तुम्ही मघाशी सांगितलंच नाही. तुम्ही म्हणालात, दहा माणसं भरली आणि घातली घाटात.

मामा : त्यात सांगायचं काय? गाडी अशीच चालवतात.

माझ्या मते या सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. ‘आम्ही कधी क्लच बसवायचे लाड केले नाहीत’ असं म्हणणारे जुने ड्रायव्हर खोटं बोलत नसतात. त्यांचा पायच ते लाड करत असतो, आणि त्याचा त्यांना पत्ता नसतो. शिवाय कमांडरचं डिझेल इंजिन खालच्या आरपीएमलाच ओढायचं, रेस न देता जीप सुटायची, त्यामुळे घासणंही कमी. टर्बो पेट्रोलला सुटताना थोडी रेस लागते. मामांची पद्धत तशीच्या तशी भाच्याच्या गाडीला लावता येत नाही, आणि भाच्याच्या कागदावर मामांचा पाय छापलेला नाही.

मामांच्या काळातली प्लेट घालायची तऱ्हाही ऐकण्यासारखी. जुनी प्लेट काढली की बेल हाउसिंगमध्ये काळी भुकटी साचलेली असायची. ती कंप्रेसरची हवा मारून उडवायची, आणि गॅरेजभर धुरळा. त्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं, हे तेव्हा गॅरेजात कुणी बोलत नव्हतं. मामांना ते भाच्याकडून कळलं, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि ‘आमचा मिस्त्री दम्यानंच गेला’ एवढंच बोलले. कशानं गेला ते कोण सांगणार. भाचा पुढे काही बोलला नाही.

घर्षणाच्या या मालाचा धंदा सुरू झाला तोही उताराच्या रस्त्यावर. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात डोंगरातून उतरणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकला गाडीवान जुन्या बुटांचे तुकडे ठोकायचे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं १८९७च्या सुमारास त्याहून टिकाऊ ब्रेक ठोकळे करायला घेतले. पुढे त्याचा माल ‘फेरोडो’ नावानं जगभर गेला.

मामा : आमच्या वेळी फ्लायव्हील लेथवर कोण नेतंय! पॉलिश पेपर मारायचा, पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचं, झालं.

भाचा : डाग नसतील तर तेवढंही चालतं. माझ्या फ्लायव्हीलवर निळे डाग होते, म्हणून फेस मारून घेतलं. काही गाड्यांना दोन भागांचं, आत स्प्रिंगचं फ्लायव्हील असतं, त्याला सहसा लेथ लावत नाहीत, बदलायचंच. मला गॅरेजमध्ये दुसरीच भीती होती. पोऱ्यानं ग्रीसच्या हातानं नवी प्लेट लायनिंगला धरून उचलली.

मामा : आणि तू बघत बसलास?

भाचा : मी खाली ठेवायला लावली. ब्रेक क्लीनर मारला, कोरड्या फडक्यानं पुसली. फ्लायव्हीलही तसंच, त्यावर गंजू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. मधल्या दात्यांना ग्रीस लावलं ते बोटानं, इतकंसं. जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर येतं.

मामा : हे बरं केलंस. तेल लागलेली प्लेट कितीही चालव, बसत नाही. वासानं कळतं, पण तोवर उशीर.

इतकं झाल्यावर दोघांचं निम्म्याहून जास्त जमलं होतं, जरी कबूल कुणी केलं नाही. कोल्हापूर बाद. दहा खेपाही बाद. मग गाडी चालवायची कुठं? मामांनी जमिनीवर काडीनं रस्ता काढला. खाली भाजे, मळवली, कार्ला फाटा, तिथून जुन्या हायवेनं कामशेत, कामशेतच्या बाजारात एक वळसा, पुढं वडगाव, मग परत. रस्ता बहुतेक सपाट. गावं जवळजवळ, म्हशी आडव्या येतात, एसटी थांबते, शाळेची पोरं. क्लचला लागतं ते सगळं. रोज सकाळ-संध्याकाळ हेच, नाहीतर चिंचवडात कामावर जातायेता. महिना लागेल, लागू दे.

भाचा : रेस निम्म्याच्या खाली ठेवणार. सुटताना जेवढ्यास तेवढी, आणि गाडी हलली की पाय पूर्ण वर. जरा वास आला की बाजूला घेऊन थंड करणार. हाफ क्लचवर सरकणं नाही.

मामा : आणि कुठल्या तरी मिस्त्रीचं ऐकून हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरला क्लच सोडून बघू नको, स्लिप होतोय का म्हणून. जुन्या प्लेटेला ठीक. नव्या प्लेटेची वाट लागते.

भाचा : ते आत्ता नाहीच.

मामा : आत्ता नाही म्हणजे? कधीच कशाला? एक सांग. महिना गेला, प्लेट बसली. मग काय करणार तू?

भाचा : मग हळूहळू पूर्ण ताकद.

मामा : कुठं? एक्स्प्रेस वेवर कॅमेरे. जुन्या हायवेला माणसं. इथं वर यायचा रस्ता हा असला. चाकणला तर ट्रकांच्या मागं तासभर पहिला-दुसरा. ती ताकद लावणार कुठं?

भाचा : ओव्हरटेकला लागते. घाटात भरल्या गाडीला लागते. आणि मामा, लागत नाही म्हणून नसावी असं थोडंच आहे? तुमच्या कमांडरला पुढं भोंगे किती होते?

मामा : तीन.

भाचा : कशाला?

मामा : वळणावर वाजवायला. एक पुरला नसता का म्हणशील, तर पुरला असता.

या मुद्द्यावर दोघांपैकी कुणी हरलं नाही. माझं झुकतं माप मामांकडे आहे: मावळातल्या रस्त्यांवर जादा टॉर्कला मोकळी जागा नाही, आणि कडक पॅडल रोजच्या रांगेत पायाला शिक्षा आहे. पण टॉर्क एकदा वाढवलाच असेल, तर घसरणाऱ्या जुन्या क्लचवर गाडी रेटण्यापेक्षा भाच्यानं केलं ते शहाणपणाचं. घसरणारी प्लेट ऐन चढावर दगा देते, आणि मग तुमच्या मागची सगळी रांग तिथंच.

शनिवारची गर्दी यायच्या आत उतरायचं ठरलं. पहाटे सहाला, गाड्या वर चढायला लागण्याआधी, म्हणजे मध्ये थांबायला नको.

मामा : उतरताना दुसऱ्या गिअरला सोड. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नको. इंजिनच धरतं गाडी, क्लच मिटलेला राहतो.

भाचा : माहितीय.

मामा : आणि डावा पाय पॅडलवर टेकून ठेवायचा नाही. नुसतं वजन पडलं तरी बेअरिंग घासतं, वर प्लेटेचा दाब कमी होतो.

भाचा : मामा, मी कधीच ठेवत नाही. त्यासाठी बाजूला पाय ठेवायची जागा दिलीय गाडीत.

मामा : दिलीय खरी. मघाशी गाडी बाजूला घ्यायला बसलो तर त्या जागेवर बोटभर धूळ होती. तुझा पाय असतो कुठं?